क्यूचे टोक : एका सहस्रांश सेकंदाचा दोन शतकांचा इतिहास

बिलियर्ड्स, स्नूकर किंवा पूल पाहणाऱ्याची नजर चेंडूंवर असते. खेळणाऱ्याची चिंता मात्र क्यूच्या टोकाशी, बोटाच्या पेराएवढ्या चामड्याच्या तुकड्याशी एकवटलेली असते. हे चामडे पांढऱ्या चेंडूला टेकते आणि त्यापासून सुटते, एवढ्या घटनेला सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. बोटांना झालेला स्पर्श मेंदूला कळण्यास याच्या कितीतरी पट अधिक वेळ लागतो. म्हणजे आघात झाल्याचे खेळाडूला जाणवते, तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. क्रिकेटमधील फलंदाज चेंडू येताना पाहून शेवटच्या क्षणी बॅट किंचित वळवू शकतो. क्यूधारकाला आघात चालू असताना काहीही दुरुस्त करता येत नाही. चेंडूचा वेग, दिशा आणि फिरकी या तिन्हींचा निकाल त्या सहस्रांश सेकंदात लागतो, आणि तो निकाल देणारी वस्तू म्हणजे हातातील काठी.

गंभीरपणे पूल खेळणारे लोक साध्या क्यूच्या कित्येक पट किंमत मोजून विशेष क्यू का घेतात, या प्रश्नाचे उत्तर या सहस्रांश सेकंदात दडलेले आहे. ते जाहिरातींत सहसा सापडत नाही. ते शोधण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते, आणि वाटेत पॅरिस, जबलपूर, उटी आणि कलकत्ता ही गावे लागतात.

गदेपासून शेपटापर्यंत

बिलियर्ड्स हा मुळात युरोपात हिरवळीवर खेळला जाणारा खेळ. पंधराव्या शतकात तो घरात, टेबलावर आला. टेबलाला घातलेले हिरवे कापड ही त्या हिरवळीचीच आठवण होय. आरंभी खेळाडूंच्या हाती क्यू नव्हता. टोकाला जाड लाकडी ठोकळा असलेली, गदेसारखी दिसणारी काठी असे आणि तिने चेंडू ढकलला जाई. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की हा ठोकळा आडवा येई. मग खेळाडू काठी उलटी धरून तिच्या बारीक मुठीने चेंडूला टोचत. फ्रेंच भाषेत शेपटाला जो शब्द आहे, त्यावरून या बारीक टोकाला ‘क्यू’ हे नाव पडले. अडचणीपुरते वापरले जाणारे हे शेपूट हळूहळू मुख्य साधन झाले आणि गदा मागे पडली.

क्यू आला तरी एक मोठी मर्यादा उरली. उघडे लाकूड गुळगुळीत चेंडूवर घसरते. चेंडूच्या मध्यापासून थोडे बाजूला मारले की टोक सटकते आणि फटका वाया जातो. त्यामुळे जवळपास मध्यावर मारणे एवढेच खेळाडूच्या हाती होते. चेंडू सरळ जाई, पण त्याला बुद्धिपुरस्सर फिरकी देणे फारसे शक्य नव्हते.

चामड्याचा तुकडा आणि चिमूटभर भुकटी

१८०७ च्या सुमारास फ्रान्समधील सैन्याधिकारी फ्रांस्वा मिंगो याने क्यूच्या टोकाला चामड्याची टिप बसवण्याची पद्धत परिपूर्णतेला नेली. राजकीय कारणावरून तुरुंगात असताना तेथील टेबलावर त्याने हे प्रयोग केले आणि शिक्षा संपत आली तेव्हा अभ्यास पुरा करण्यासाठी आणखी काही काळ तुरुंगातच राहू देण्याची विनंती केली, अशी कथा बिलियर्ड्सच्या इतिहासात सांगितली जाते. कथेचा अलंकार बाजूला ठेवला तरी परिणाम नाकारता येत नाही. चामडे किंचित दबते, चेंडूला क्षणभर धरून ठेवते आणि घसरत नाही. मिंगोने चेंडू पुढे जाऊन मागे फिरवून दाखवला, तेव्हा पाहणाऱ्यांना ती जादू वाटली.

चामड्याला जोड मिळाली ती खडूची. इंग्लंडमधील बाथ शहरात जॅक कार नावाचा एक खेळाडू टोकाला पांढरी भुकटी लावून फिरकीचे फटके मारी आणि तीच भुकटी फिरकीची किमया म्हणून विकत असे. आज ज्याला खेळाडू ‘चॉक’ म्हणतात त्यात शाळेतला खडू जवळजवळ नसतोच. १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी पेटंट घेतलेल्या मिश्रणापासून तो सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड यांसारख्या कणखर पदार्थांचा झाला. हे कण चामड्यात रुततात आणि चेंडूवर पकड घेतात.

ही पकड किती, याचा हिशेब शाळकरी त्रिकोणमितीने करता येतो. खडू लावलेले चामडे आणि चेंडू यांच्यातील घर्षण गुणांक सुमारे ०.६ धरला, तर टोक घसरू न देता चेंडूच्या पृष्ठभागाच्या लंबाशी जास्तीत जास्त सुमारे ३० अंशांचा कोन साधता येतो. ३० अंशांची ज्या म्हणजे अर्धा. म्हणून चेंडूच्या मध्यापासून त्याच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरापर्यंतच सुरक्षितपणे मारता येते. पूलच्या चेंडूचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो, तेव्हा ही मर्यादा मध्यापासून सुमारे १४ मिलिमीटर येते. त्यापलीकडे टोक सटकते. खेळाडूचे सारे फिरकीचे राज्य या लहानशा वर्तुळात सामावलेले आहे.

कोरिओलिसचे टेबल

चामड्याने जे शक्य केले त्याचे गणित मांडणारा माणूस लवकरच भेटला. पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधील गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस यांचे नाव भारतीय विद्यार्थ्यांना मोसमी वाऱ्यांच्या धड्यात भेटते. पृथ्वीच्या परिवलनामुळे वारे का वळतात, हे सांगताना ज्या बलाचा उल्लेख होतो ते त्यांच्या नावाचे आहे. त्याविषयीचा त्यांचा निबंध १८३५ चा. त्याच वर्षी त्यांनी बिलियर्ड्समधील परिणामांच्या गणिती सिद्धांतावर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्या ग्रंथातील निष्कर्ष आजही टिकून आहेत. वरची किंवा खालची फिरकी घेतलेला पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूवर आदळल्यानंतर ज्या वक्र मार्गाने वळतो, तो मार्ग अन्वस्त असतो. चेंडूला मिळू शकणारी कमाल बाजूची फिरकी त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर मारल्याने मिळते. आडव्या क्यूने चेंडूच्या मध्याच्या वर त्रिज्येच्या दोन-पंचमांश उंचीवर मारले, तर चेंडू घसरण्याचा टप्पा वगळून पहिल्या क्षणापासून निखळ गडगडत जातो. हा निकाल भरीव गोलाच्या जडत्व आघूर्णातून सरळ निघतो आणि यंत्रशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही उदाहरण म्हणून येतो.

याच काळात टेबलही बदलत होते. लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी लाकडी फळ्यांऐवजी पाटीच्या दगडाचा पृष्ठभाग आणला आणि कडांना रबर लावले. टेबल सपाट झाले, कडा एकसारख्या उसळू लागल्या आणि नियमांचे गणित प्रत्यक्षात उतरू लागले. चेंडू मात्र अजून हस्तिदंतीच होते.

हत्ती, जबलपूर आणि उटी

हस्तिदंती चेंडूची किंमत हत्तीच्या प्राणाने मोजावी लागे. सुळ्याचा मधला, एकसंध भागच कामाचा असल्याने एका सुळ्यातून मोजकेच चेंडू निघत. शिवाय हस्तिदंत हा सजीव पदार्थ. तो हवेतील दमटपणाने फुगतो, कोरडेपणाने आकसतो आणि तडकतो. दोन चेंडूंची घनता तंतोतंत जुळत नाही. तुटवडा इतका वाढला की १८६३ मध्ये अमेरिकेत एका बिलियर्ड्स साहित्य बनवणाऱ्या कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्या आव्हानातून जॉन वेस्ली हायट यांचे सेल्युलॉइड पुढे आले, आणि प्लास्टिक उद्योगाच्या आरंभीच्या पाऊलखुणा बिलियर्ड्सच्या टेबलाशी जाऊन पोचल्या. पुढे लिओ बेकलँड यांच्या बेकेलाइटच्या कुळातील फिनॉलिक रेझिनने चेंडूंचा प्रश्न कायमचा सोडवला. आजचे चांगले चेंडू याच कुळातले आहेत.

चेंडू हस्तिदंती होते त्याच काळात, १८७५ मध्ये, जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने सोबत्यांबरोबर वेळ घालवताना टेबलावर रंगीत चेंडूंची भर घातली. लष्करी विद्यालयातील पहिल्या वर्षाच्या नवख्या विद्यार्थ्यांना ‘स्नूकर’ म्हणत. सोपा चेंडू हुकलेल्या खेळाडूला चेंबरलेनने तेच नाव दिले आणि ते खेळालाच चिकटले. पुढे निलगिरीतील उटकमंडच्या क्लबमध्ये नियम लिहून भिंतीवर लावले गेले. जगभर पसरलेल्या स्नूकरचा जन्म अशा रीतीने भारतातला. पावसाळ्यात लाकूड फुगते, क्यू वाकतो, कापड ओलसर होते, या तक्रारीही तेव्हापासूनच्या.

कलकत्त्यात ऐकलेला आघात

भारताचा या विषयाशी संबंध केवळ खेळापुरता नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चंद्रशेखर वेंकट रामन हे कलकत्त्याच्या बहुबाजार रस्त्यावरील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत कार्यालयीन नोकरी सांभाळून संशोधन करत होते. प्रकाशाच्या विकिरणावरील कीर्ती अजून दूर होती. त्यांचे लक्ष तेव्हा ध्वनी, कंपने आणि आघात यांवर होते. अत्यंत मंद वेगाने एकमेकांवर आदळणाऱ्या गोलांची छायाचित्रे घेऊन त्यांनी आघातानंतर किती वेग परत मिळतो याचे मोजमाप केले. वेग जसजसा शून्याकडे जातो तसतसा परत मिळणाऱ्या वेगाचा गुणांक एकाकडे सरकतो, म्हणजे अगदी हलक्या टकरीत ऊर्जा जवळजवळ वाया जात नाही, असे त्यांनी १९१८ मध्ये दाखवले.

त्यांचे सहकारी सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी त्याच संस्थेत एक साधा भासणारा प्रश्न घेतला : दोन चेंडू आदळल्यावर जो ‘टक्’ असा आवाज येतो, तो नेमका कशाचा? चेंडू घंटेसारखा कंप पावतो म्हणून आवाज येतो, असे सहज वाटेल. परंतु एवढ्या लहान व कठीण गोलाची स्वतःची कंपने माणसाच्या कानाच्या मर्यादेपलीकडची असतात. बॅनर्जींनी वेगवेगळ्या दिशांना आवाजाची तीव्रता मोजली. चेंडू एकाएकी थांबतो किंवा एकाएकी निघतो, त्याभोवतीची हवा त्या धक्क्याने ढकलली जाते आणि तोच आवाज आपण ऐकतो, हे त्यांच्या १९१६ व १९१८ मधील निबंधांतून स्पष्ट झाले. टकरीच्या रेषेत आवाज सर्वांत मोठा आणि बाजूला क्षीण, ही त्याची खूण. हेच बॅनर्जी पुढे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आले आणि नंतर देशाच्या हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले.

या प्रयोगांनी क्यू सुधारला नाही. पण आघात ही डोळ्यांआड घडणारी, तरीही मोजता येणारी गोष्ट आहे, हे त्यांनी दाखवून दिले. क्यूच्या बाबतीत ही जाण प्रत्यक्षात यायला आणखी बराच काळ जावा लागला. तोवर क्यू हा बव्हंशी कारागिरांचा विषय राहिला. कोणते लाकूड, कसा निमुळता उतार, किती वजन, कसा तोल, हे सारे हाताच्या अंदाजाने ठरत असे.

मारले एकीकडे, गेले दुसरीकडे

बाजूची फिरकी देऊ लागल्यापासून खेळाडूंना एक विचित्र अनुभव येत होता. क्यू सरळ रेषेत चालवून चेंडूच्या डाव्या बाजूला मारले, तर चेंडू क्यूच्या दिशेने न जाता किंचित उजवीकडे सरकून जातो. उजवीकडे मारले तर डावीकडे. इंग्रजीत याला ‘स्क्वर्ट’ किंवा ‘डिफ्लेक्शन’ म्हणतात. मराठीत ‘दिशाच्युती’ म्हणता येईल. चांगले खेळाडू अनुभवाने नेम थोडा बदलून ही चूक भरून काढत. कारण मात्र बराच काळ अंधुक होते.

कारण न्यूटनच्या नियमांतच आहे. चेंडूच्या मध्यापासून बाजूला आघात झाला की चेंडू फिरू लागतो. टिपने चेंडूला घट्ट धरलेले असल्याने फिरणारा पृष्ठभाग टिपला आपल्याबरोबर बाजूला ओढतो. क्यूचे टोक बाजूला ढकलले जाते, म्हणजे त्याला आडव्या दिशेने संवेग मिळतो. एकूण आडवा संवेग आधी शून्य होता, तो शून्यच राहिला पाहिजे. म्हणून चेंडूला तितकाच संवेग उलट दिशेने मिळतो आणि तो रेषेवरून ढळतो.

आता प्रश्न उरतो, क्यूचा किती भाग बाजूला ढकलला जातो? सगळा क्यू नव्हे. आडवी हालचाल लाकडातून मागे पसरायला वेळ लागतो, आणि हाताशी वेळ आहे केवळ एक सहस्रांश सेकंद. तेवढ्यात टिपजवळचा साधारण पंधरा ते वीस सेंटीमीटरचा भागच या देवाणघेवाणीत सामील होतो. मागची लांब, जड मूठ आडव्या हालचालीपुरती जणू अस्तित्वातच नसते. म्हणून दिशाच्युती क्यूच्या एकूण वजनावर ठरत नाही, टोकाजवळच्या वस्तुमानावर ठरते. टोक जितके हलके, तितका आडवा संवेग कमी आणि चेंडू तितका सरळ. अमेरिकेतील रॉन शेपर्ड यांनी २००१ मध्ये याचे सविस्तर विश्लेषण मांडले, आणि कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील यांत्रिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक डेव्हिड अल्सियाटोर यांनी अतिवेगवान चित्रीकरणाच्या साहाय्याने हे विषय विद्यार्थ्यांपर्यंत आणि खेळाडूंपर्यंत पोचवले.

या चुकीची किंमत किती? पूलच्या मोठ्या टेबलाची खेळण्याची लांबी २५४ सेंटीमीटर असते. पांढरा चेंडू दोन मीटर जाणार असेल आणि त्याची दिशा केवळ एका अंशाने ढळली, तर तो अपेक्षित जागेपासून साडेतीन सेंटीमीटर दूर पोचतो. चेंडूची त्रिज्या तीन सेंटीमीटरपेक्षा कमी आहे. म्हणजे दुसऱ्या चेंडूच्या ऐन मध्यावर धरलेला नेम त्याच्या कडेपलीकडच्या रेषेवर जातो. एक अंश हा कोनमापकावर नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा फरक आहे. टेबलावर तो डाव घालवतो.

यंत्राच्या हाती क्यू

हे ज्ञान बाजारात उतरले ते १९९० च्या दशकात. अमेरिकेतील प्रिडेटर या कंपनीने क्यू हाताळणारे एक यंत्र उभारले. माणसाचा हात दोनदा अगदी सारखा फटका मारू शकत नाही, म्हणून क्यूंची तुलना माणसाच्या हाताने करणे निरर्थक ठरते. यंत्र मात्र तोच वेग, तीच उंची आणि तेच अंतर पुन्हापुन्हा देऊ शकते. १९९४ मध्ये याच कंपनीने कमी दिशाच्युतीचा क्यूचा पुढचा भाग बाजारात आणला. त्याची रचना सांगण्याजोगी आहे. एकसंध लाकडाऐवजी मेपलच्या पाचरी वर्तुळाकार जोडून दांडा केला, म्हणजे तो कोणत्याही बाजूने फिरवला तरी सारखाच वागावा. टोकाकडून आत पोकळी ठेवली. टिपखालची टोपी, जिला फेरूल म्हणतात आणि जी पूर्वी हस्तिदंताची असे, ती आखूड व हलकी केली. तिन्ही बदलांपैकी दोहोंचा हेतू एकच : टोकाचे ग्रॅम कमी करणे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. महागडा क्यू म्हणजे अधिक जोर, असे नवख्यांना वाटते. गणित वेगळे सांगते. पूलचा चेंडू सुमारे १७० ग्रॅमचा आणि क्यू ५४० ग्रॅमचा धरला, आणि चामड्याच्या टिपसाठी परत मिळणाऱ्या वेगाचा गुणांक ०.७५ घेतला, तर चेंडूचा वेग क्यूच्या वेगाच्या सुमारे १.३३ पट येतो. क्यू ६०० ग्रॅमचा केला तर हे प्रमाण १.३६ पट होते. क्यूचे वजन अकरा टक्क्यांनी वाढवले, पण चेंडूचा वेग वाढला अडीच टक्क्यांच्या आसपास. आणि जड क्यू तेवढ्याच वेगाने फिरवणे हाताला अधिक कठीण जाते. जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार क्यूचे वजन २५ औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे ७०९ ग्रॅमपेक्षा अधिक असू नये आणि टिपची रुंदी १४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. बहुतेक खेळाडू या वजनमर्यादेच्या खूप खाली राहतात, याचे कारण वरच्या हिशेबात आहे.

पहिल्या फोडणीच्या फटक्यासाठी मात्र अनेक जण वेगळा क्यू ठेवतात. त्याची टिप चामड्याऐवजी कठीण फिनॉलिक पदार्थाची असते. गुणांक ०.८५ झाला तर तोच ५४० ग्रॅमचा क्यू चेंडूला १.४१ पट वेग देतो. पकड कमी, वेग अधिक. दोन कामांना दोन साधने, हा सुताराचा जुना शहाणपणा येथेही लागू पडतो.

लाकूड, पाऊस आणि कार्बन

पूलच्या क्यूचा पुढचा भाग परंपरेने उत्तर अमेरिकेतील कठीण मेपलचा, तर स्नूकरचा ॲशचा. ॲशच्या लाकडावर बाणासारख्या रेषा उमटलेल्या असतात आणि नेम धरताना क्यू रोज एकाच बाजूने धरला आहे ना, हे खेळाडू त्यांवरून तपासतात. मुठीसाठी एबनी आणि रोजवूड वापरले जाते. रोजवूड म्हणजे आपल्या सह्याद्रीतील शिसवीचे कूळ. या वृक्षांच्या तोडीमुळे २०१७ च्या आरंभी संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. युरोपात ॲशची झाडे बुरशीजन्य रोगाने आणि अमेरिकेत एका भुंग्याने मोठ्या प्रमाणावर मरत आहेत. हत्तीनंतर आता झाडाची पाळी आली आहे.

लाकडाचा दुसरा दोष तो सजीव असण्याचाच. ते हवेतील ओल घेते आणि सोडते. मुंबई, कोलकाता, कोची यांसारख्या शहरांत जून ते सप्टेंबर या महिन्यांत भिंतीला टेकवून ठेवलेला क्यू वाकतो, हे तेथील प्रत्येक क्लबला ठाऊक आहे. दोन सारखे दिसणारे लाकडी क्यू सारखे वागतीलच असे नाही, कारण दोन झाडे सारखी वाढत नाहीत.

कार्बन तंतूंचा दांडा या दोषांवर उत्तर म्हणून आला. हे तंतू रेझिनमध्ये बसवून केलेली पोकळ नळी वजनाला हलकी, वाकण्याला कठीण आणि ओलीला बेपर्वा असते. देशात घडलेल्या तेजस विमानाच्या रचनेत ज्या संमिश्र पदार्थांचा मोठा वाटा आहे, त्याच जातीचे हे साहित्य. प्रिडेटरने २०१६ मध्ये असा दांडा आणला आणि पुढच्या काही वर्षांत इतर निर्मातेही त्या वाटेने गेले. टोकाचे वस्तुमान कमी झाले, शिवाय आज घेतलेला आणि पाच वर्षांनी घेतलेला दांडा जवळजवळ सारखा वागेल याची खात्री वाढली. काही जुन्या खेळाडूंना त्याचा आवाज परका वाटतो. चेंडूचा आवाज कशाने येतो हे बॅनर्जींनी सांगितले. क्यूचा आवाज मात्र त्याच्या अंगातून येतो, आणि पोकळ नळी लाकडासारखी बोलत नाही.

मग क्यू खेळतो की माणूस?

इतके सांगून झाल्यावर एक अडचणीचा पुरावा समोर येतो. स्टीफन हेंड्री यांनी स्नूकरची सात जागतिक अजिंक्यपदे एका साध्या, स्वस्त क्यूने मिळवली. २००३ मध्ये विमानप्रवासात तो क्यू तुटला. त्यानंतर त्यांच्या हाती हवे ते उत्तम क्यू येऊ शकत होते. तरीही आठवे अजिंक्यपद मिळाले नाही. वय आणि नवे प्रतिस्पर्धी ही कारणे होतीच, पण त्या क्यूची उणीव त्यांनी बोलूनही दाखवली.

हा पुरावा वरच्या विज्ञानाच्या विरुद्ध आहे असे वाटेल. प्रत्यक्षात तो त्याच विज्ञानाची दुसरी बाजू दाखवतो. प्रत्येक क्यूची स्वतःची दिशाच्युती असते, आणि तिला भरून काढणारी दुरुस्ती खेळाडूच्या हातात हजारो तासांच्या सरावाने मुरते. डोळ्यांना ती दिसत नाही, शब्दांत सांगता येत नाही. क्यू बदलला की त्याच्याबरोबर हा सारा हिशेबही निकामी होतो. कमी दिशाच्युतीचा क्यू दुरुस्ती शून्यावर आणत नाही. तो ती लहान करतो. लहान दुरुस्तीत चूकही लहान होते आणि शिकायला वेळ कमी लागतो. पण ज्याने मोठी दुरुस्ती एकदा आत्मसात केली आहे, त्याला नवा क्यू पुन्हा नवशिका बनवतो. स्नूकरचे खेळाडू अजूनही बव्हंशी ॲशला चिकटून आहेत त्याला हे एक कारण आहे. दुसरे असे की स्नूकरची टिप सुमारे साडेनऊ मिलिमीटरची, पूलच्या तेरा मिलिमीटरच्या टिपहून बरीच बारीक. त्या क्यूचे टोक मुळातच हलके असते.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद पटकावले आणि स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळातील पहिला वैयक्तिक विश्वविजेता मिळाला. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. त्यांच्यानंतर मायकेल फरेरा, गीत सेठी आणि पुण्यातच जन्मलेले पंकज अडवाणी अशी परंपरा चालत आली. जोन्स यांच्या काळी कार्बनची नळी नव्हती, क्यू तपासणारे यंत्र नव्हते. लाकडाचा स्वभाव ओळखणे हे त्यांना स्वतःच्या हातानेच करावे लागले.

म्हणून गंभीर खेळाडू चांगल्या क्यूसाठी पैसे मोजतो तेव्हा तो कौशल्य विकत घेत नाही. ते विकत मिळत नाही. तो विकत घेतो ती विश्वसनीयता. आजचा फटका चुकला तर चूक आपली होती, लाकडाची नव्हती, एवढे निश्चितपणे कळण्याची सोय. प्रयोगशाळेत वैज्ञानिक अचूक तराजू मागतो तो याच कारणासाठी. तराजू प्रयोग करत नाही, पण त्याच्यावर विश्वास नसेल तर प्रयोगातून काहीच शिकता येत नाही. मिंगोच्या चामड्यापासून कार्बनच्या नळीपर्यंत दोनशे वर्षांत क्यूच्या टोकाने एकच गोष्ट पुन्हापुन्हा कमी केली आहे, ती म्हणजे अनिश्चितता. फटका अजूनही हातालाच मारावा लागतो.

करून पाहण्यासाठी

जवळच्या क्लबमध्ये पूलचे टेबल असेल तर विद्यार्थ्यांना हे स्वतः तपासता येईल. पांढऱ्या चेंडूऐवजी पट्ट्याचा चेंडू घ्यावा आणि पट्टा उभा, नेमाच्या रेषेत ठेवावा. टिपला भरपूर चॉक लावून पट्ट्याच्या कडेवर मारण्याचा प्रयत्न करावा. चेंडू उचलून पाहिला की चॉकचा ठिपका आघात नेमका कोठे झाला ते सांगतो. मध्यावर मारल्याची ज्यांना खात्री असते, त्यांच्यापैकी अनेकांचा ठिपका काही मिलिमीटर बाजूला सापडतो. नवा क्यू घ्यावा की नाही, हा प्रश्न त्या ठिपक्यानंतर विचारलेला बरा.

#विज्ञानाचाइतिहास #भौतिकशास्त्र #बिलियर्ड्स #स्नूकर #पूल